समुद्रातली आळी

बार्शीला परत आले तेव्हा माझ्या पायात सुलभाच्या चपला होत्या. माझ्या जोडीतली एक चप्पल समुद्राने नेली आणि उरलेली सुलभाच्या नवऱ्याने, दत्तारामभावोजींनी, त्यांच्या ओटीवरच्या खुंटीला टांगून ठेवली. "जोडीची येईल परत. समुद्र दुसऱ्याचं ठेवून घेत न्हाय," असं त्यांचं म्हणणं. सुनेने दारातच विचारलं, "आई, या कुणाच्या?" हसून सांगण्यासारखी गोष्ट होती, पण मला हसू आलं नाही. त्या सैल चपला काढताना तिथलं सगळं एकदम हवंसं वाटायला लागलं, आणि मी पुन्हा गेले तरी ते तिथे नसणार, हेही त्याच क्षणी आठवलं.

गावाचं नाव लिहीत नाही. रेवदंड्याहून खाडीवरचा पूल ओलांडून मुरूडच्या वाटेला लागलं की मध्ये कुठेतरी ते लागतं, एवढं पुरे. सुलभा आणि मी पुण्याला बी.एड.च्या वसतिगृहात एका खोलीत राहायचो. ती पेणची, मी बार्शीची. पुढे मी आमच्याच गावात भूगोल शिकवला, तिने लग्न होऊन आलेल्या गावाजवळच्या शाळेत मराठी. तिच्या लग्नानंतरच्या उन्हाळ्यात मी पहिल्यांदा तिच्याकडे राहायला गेले होते. समुद्राच्या बाजूला घरांची एकच रांग होती, तिला नुसतं 'आळी' म्हणत. घराच्या मागे नारळी-पोफळी, त्यामागे सुरूची झाडं, आणि त्याच्याही पलीकडे समुद्र. तो घरातून दिसायचाही नाही. बघायचा तर चालत जावं लागे, आणि मी जन्मात पहिल्यांदा समुद्र बघणारी असल्यामुळे दिवसातून चारदा जायची. दुपारी सुलभा पडवीत भात कांडत असायची. जमिनीत पुरलेलं काळ्या दगडाचं उखळ, त्यात पडणाऱ्या मुसळाचा आवाज, आणि मी खांबाला टेकून बडबडत बसलेली. आयुष्यात मला कुठे परत जायला मिळालं तर मी त्या पडवीत जाईन.

ती पडवी आता समुद्रात आहे. हळूहळू आधी सुरू गेले, मग पोफळी, मग एकेक करून सगळी आळी. माणसांनी कौलं, वासे, दारं काढून आत रस्त्याच्या अंगाला घरं बांधली. सुलभाचं नवं घर तेव्हा बऱ्यापैकी लांब होतं. आता तेच समुद्राला सगळ्यांत जवळ आहे, आणि गेल्या पावसाळ्यात उधाणाचं पाणी स्वयंपाकघराच्या पायरीला लागून गेलं.

म्हणून तिचा फोन आला होता. "मंगेश पनवेलला या म्हणून मागे लागलाय," ती म्हणाली. मंगेश तिचा मुलगा. "हे हलायला तयार नाहीत. म्हणतात, समुद्र आला तसा मागे जाईल, मग घर सोडायचं कशाला? माणसाच्या करणीने पाणी चढतंय हे यांना पटतच नाही गं. तू भूगोल शिकवलास. तू ये आणि यांना एकदा समजावून सांग. पटलं की उठतील."

"तू पण मास्तरीणच आहेस की," मी म्हटलं.

"घरच्या मास्तरणीचं कोण ऐकतं?"

रेवदंड्यापुढे

रेवदंड्याला एसटीतून उतरले तो वाळत घातलेल्या मासळीचा वास सरळ नाकात. आमच्याकडे असा वास आला तर लोक नाक दाबतील. मला मात्र त्या वासाने सुलभाचं पहिलं घर आठवलं आणि मी उभी राहून तो पोटभर घेतला. रिक्षावाला म्हणाला, "काय शोधताय काय, मावशी?"

सुलभा फाटकाशीच उभी होती. आम्ही दोघी आता बऱ्यापैकी म्हाताऱ्या झालो आहोत, हे एकमेकींकडे बघूनच कळलं. जेवायला तांदळाची भाकरी, कैरी घातलेलं सुकट आणि वालाचं बिरडं. तांदळाची भाकरी ही मला नेहमी भाकरीची धाकटी, नाजूक बहीण वाटते. आमची ज्वारीची भाकरी खाल्ली की काहीतरी खाल्ल्यासारखं वाटतं, ही कधी संपते ते कळत नाही. मी किती खाल्ल्या ते सुलभाने मोठ्याने मोजायला सुरुवात केली तेव्हा हात आवरला.

संध्याकाळी मी किनाऱ्यावर गेले, चपला वाळूत काढून पाण्यात उभी राहिले, आणि मागे वळून पाहते तर एकच चप्पल. दुसरी जरा आत तरंगत होती, मग दिसेनाशी झाली. भावोजी कमरेवर हात ठेवून बघत होते. "मास्तरीणबाई, भूगोलात भरती शिकवत न्हाय काय?"

उंच, काटक, बोलताना डोळे बारीक करणारा माणूस. वाडीची कामं अजून स्वतः करतात. चहा घेताना मी लगेच विषय काढला. आलेच होते त्यासाठी. कोळसा, तेल जाळून धूर होतो, त्याने हवा तापते, हवेबरोबर समुद्र तापतो, तापलेलं पाणी फुगतं, शिवाय बर्फ वितळतं, असं सगळं नीट, पायरीपायरीने. त्यांनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. संपल्यावर म्हणाले, "आता माझं ऐका. माझ्या आज्याच्या आज्याच्या वक्ताला पाणी पार देवळाच्या पायथ्याला होतं. मग तो मागं गेला. मागं गेला म्हणून तर आळी बसली. कोणी गाड्या बंद केल्या होत्या काय तेव्हा? समुद्र म्हणजे झोपाळा हाय, बाई. पुढं येतो, मागं जातो."

"भावोजी, झोपाळ्याला कुणीतरी धक्का देत असेल तर?"

"मग धक्का देणारा दमेल की कधीतरी."

सुलभाने माझ्याकडे बघून 'कळलं ना?' अशी मान हलवली. खरं सांगायचं तर मी जरा अडले होते. आज्याची गोष्ट खोटी नसणार. वाळू सरकते, किनारे पुढेमागे होतात. ही आळी नेमकी कशामुळे गेली यालाही दहा कारणं असतील. लोकांनी वाळू उपसली, सुरू तोडले, वादळं झाली. पण सगळ्या जगाचा समुद्र चढतो आहे आणि तो आपण जे जाळतो त्यामुळे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आमच्याकडे बार्शीत हाच वाद उलट्या बाजूने चालतो. पाऊस का पडत नाही, यावर पानपट्टीपाशी लोक हमरीतुमरीवर येतात. तिथे जे पाणी यावं म्हणून सगळे डोळे लावून बसतात, ते इथे न बोलावता पायरीपर्यंत येतं.

आगरदांडा ते दिघी

दुसऱ्या दिवशी भावोजी मला दिघीला घेऊन गेले. पलीकडे गफूरभाई राहतात, आळीतले त्यांचे शेजारी. त्यांना बोलावणं करायचं होतं. कसलं, ते वाटेत कळलं. फाल्गुनातल्या अमावास्येला समुद्र वर्षात सगळ्यांत लांब मागे जातो. इकडे ओहोटीला सुकती म्हणतात, आणि ही मोठी सुकती. त्या संध्याकाळी आळीची जोती उघडी पडतात. मग आळीतली माणसं खराटे घेऊन जातात आणि आपापलं जोतं झाडून येतात.

"झाडता? समुद्रात?"

"घर हाय ना. झाडायला नको?"

आगरदांड्याला फेरीबोटीत गाड्यांच्या मधल्या फटीत आम्ही उभे राहिलो. एक मासेवाली आपल्या टोपलीवर हात ठेवून कुणाला तरी सांगत होती, "बोंबील न्हाय, मांदेली न्हाय. जाळ्यात नुसती ती बुळबुळीत झेली येते, जेलीफिश का काय म्हणतात ती. दर्या तापलाय."

टेम्पोवाला म्हणाला, "दर्या कशाला तापतोय? मोठ्या बोटी सगळं ओढून नेतात, ते बोल."

तेवढ्यात नव्या कोऱ्या गाडीतून एका तरुणाने काच खाली केली. नवी मुंबईचा असावा. "मावशी, ये सब नॅचरल सायकल आहे. हिमयुग संपलं तेव्हा कुठे गाड्या होत्या? सगळा स्कॅम आहे हा. मी व्हिडिओ बघितलाय."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "तुमचे आजोबा म्हातारे होऊन गेले म्हणून जगात कुणाचा कधी खून होतच नाही, असं म्हणाल का?" मासेवाली खदखदून हसली. टेम्पोवाला म्हणाला, "बाईंनी पॉइंट काढला." मग चारही बाजूंनी सुरू झालं. कुणी कारखान्यांवर घसरलं, कुणी कलियुगावर, कुणी सरकारवर. एकजण म्हणाला सगळं खरं असेल, पण मी माझी मोटरसायकल विकणार नाही. भावोजी त्या तरुणावर खूश होते. बऱ्याच दिवसांनी त्यांना आपल्या बाजूचा सुशिक्षित भेटला होता.

मग तो तरुण त्यांना म्हणाला, "काका, तुम्ही इथलेच ना? सी-फेसिंग जागा आहे का कुठे?"

भावोजींनी डोळे बारीक केले. "फेसिंगच काय, समुद्राच्या आतली हाय. घेता?"

तोवर दिघी आलं, गाड्यांनी भोंगे सुरू केले आणि वाद तिथेच राहिला. मासेवालीने टोपली डोक्यावर चढवताना मला विचारलं, "पण बाई, थंड होईल का परत?" मी उत्तर देईपर्यंत ती उतरून गेली होती.

गफूरभाईंच्या अंगणात बकुळीखाली आम्ही बसलो. त्यांच्या सुनेने खजूर आणि वेलदोड्याचा चहा आणून ठेवला. भावोजींचं मात्र चहाकडे लक्ष नव्हतं. झाडाच्या बुंध्याशी काळ्या दगडाचं एक उखळ ठेवलेलं होतं, त्यात पाणी भरलेलं, आणि दोन कोंबड्या माना वर करकरून ते पीत होत्या.

"गफूर, काढलंस?"

"काढलं. गेल्या सालीच. मुलगे पहार घेऊन गेले, उचलून आणलं."

"आणि कोंबड्यांना?"

"मग काय करू? मिक्सरमध्ये बसवू?"

भावोजी हसले नाहीत. मला तेव्हा सगळं कळलं नव्हतं, परतीच्या फेरीबोटीत त्यांनी सांगितलं. घर हलवताना आळीतल्या माणसांनी तुळया नेल्या, खिळेसुद्धा नेले, पण उखळं कुणी काढली नाहीत. उखळ जमिनीतून काढलं म्हणजे घर मोडलं. जोवर ते जागेवर आहे तोवर घर आपलं, आणि आपण नुसते बाहेर गेलेलो. मग वर्षावर्षाला एकेक घर आपलं उखळ काढून न्यायला लागलं. झाडायला येणारी माणसं कमी कमी होत गेली. उरले होते भावोजी आणि गफूरभाई.

अंगणात मात्र भावोजींनी एवढंच विचारलं, "येतोस ना उद्या?"

"येऊन काय झाडू, दत्ता? माझं उखळ इथं आहे." गफूरभाईंनी खजुराची बशी त्यांच्यापुढे सरकवली. "तू या बाईंना काय सांगतोस झोपाळा-बिपाळा? माझी उभी जवानी आखातात तेल काढण्यात गेली. बोटी भरभरून जाताना मी बघितल्यात. ते सगळं जळून कुठं जात असेल? आपल्याच हाताची करणी आहे ही."

"म्हणजे तू तेल काढलंस म्हणून माझं घर गेलं, असं म्हण की."

"म्हणतो. आणि माझं पण त्याच आळीत होतं."

मग दोघेही कोंबड्यांकडे बघत राहिले. निघताना गफूरभाईंनी भावोजींचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मला त्या दोघांचा हेवा वाटला. माझ्याशी इतकं भांडून इतका वेळ हात धरणारं आता कुणी राहिलेलं नाही.

सुकती

अमावास्येला दुपार कलली तशी भावोजींनी खराटा आणि रिकामी बादली काढली. कमरेला कापडाची एक लहान पुरचुंडी बांधली. मी विचारलं, तर म्हणाले, "भात." सालासकट तांदळाला इकडे भात म्हणतात, आमच्याकडची साळ. उखळ झाडून झालं की त्यात मूठभर भात टाकायचा. उखळ रिकामं सोडून घरातून निघायचं नाही.

"मीही येते," सुलभा म्हणाली. भावोजींनी वळून पाहिलं. बुडलेल्या घराला काय झाडायचं, म्हणून तिने तिकडे जाणं केव्हाच सोडून दिलं होतं. ती आली ती माझ्यासाठी, असं तिने सांगितलं. मी काय बोलायचं आहे ते तिने मला वाटेत पुन्हा एकदा दंडाला चिमटा काढून सांगितलं.

समुद्र खरंच खूप लांब गेला होता. ओल्या वाळूवरून चालत आम्ही गेलो, सुलभाच्या चपला मी हातात घेतल्या होत्या. मग पुढे जांभ्या दगडाच्या चौकटी दिसायला लागल्या, शेवाळलेल्या, कोपरे झिजलेल्या. ही पाटलांची, ही गफूरची, असं भावोजी सांगत चालले. गफूरभाईंच्या चौकटीत मधोमध एक खड्डा होता आणि त्यात पाणी साचलं होतं.

मी त्यांच्या घराचा उंबरा ओळखला. कुणी सांगितलं नाही. तिथून आत डाव्या हाताला पडवी, म्हणून मी डावीकडे वळले आणि खांब जिथे होता तिथे जाऊन उभी राहिले. मला रडू आलं. माझं घर नाही, माझं गाव नाही, दोन उन्हाळ्यांची पाहुणी मी. पण मी ज्या वयात तिथे बसून बडबडत होते ते वय माझंच होतं, आणि ते ठेवलेली दुसरी जागा माझ्याकडे नाही.

भावोजी झाडायला लागले. जोत्यावरची वाळू, शंख, प्लास्टिकच्या पिशव्या, सगळं एका बाजूला. उखळात गाळ होता आणि त्यावर वीतभर पाणी, त्यात बोटाएवढे दोन मासे. त्यांनी मासे ओंजळीत धरून बाहेरच्या पाण्यात सोडले, मग गाळ उपसला, आतून हात फिरवून दगड स्वच्छ केला. ओट्याच्या जागी जरा टेकले. सूर्य बराच खाली आला होता.

मला वाटलं, मी विषय काढावा. पण त्यांनीच काढला.

"मास्तरीणबाई, त्या बोटीवर तुम्ही पोराची जिरवलीत. मला बरं वाटलं न्हाय, पण तुम्ही खोटं बोलत न्हाय, एवढं मला ठाऊक हाय. म्हणून विचारतो. आता भूगोल नको. नुसतं सांगा. हा मागं जाईल काय?"

सांगण्यासारखं बरंच होतं. तापमान, बर्फ, पुढची शंभर वर्षं. त्यांना ते नको होतं. वाद माणसामुळे की आपोआप असा होताच कुठे? झोपाळा असेल तर घर परत मिळणार होतं. माणसाची करणी असेल तर नाही. एवढा साधा हिशेब मला इतके दिवस दिसला नव्हता.

"नाही, भावोजी," मी म्हटलं. "तुमच्या-माझ्या हयातीत नाही. मंगेशच्याही नाही."

त्यांनी मान हलवली. दोनदा. रागावले नाहीत. समुद्राकडेही पाहिलं नाही. खराट्याच्या काड्यांमध्ये अडकलेलं शेवाळ काढत राहिले.

"बरं," ते सुलभाला म्हणाले. "मग मंगेशला सांग, पावसाच्या आधी येतो आम्ही." पुढे म्हणाले, "उद्याही सुकती मोठीच हाय. पहार आणतो, दोन माणसं घेतो. उखळ काढून ठेवू. उगाच कशाला इथं." आणि कमरेची पुरचुंडी सोडून तिच्या हातात दिली. "हे घरी ने."

ते खराटा-बादली उचलून निघाले. पाणी फिरलं होतं, पहिली लाट गफूरभाईंच्या जोत्याच्या कडेला येऊन गेली. मी सुलभाकडे पाहिलं. तिला हवं होतं ते झालं होतं. मला वाटलं ती माझा हात धरेल. ती उखळाच्या कडेवर बसली होती आणि तिचे खांदे हलत होते.

"इतक्या सरळ कशाला सांगितलंस गं?" ती म्हणाली.

"तूच तर बोलावलंस. तुलाच तर पटवायचं होतं."

"मला सगळं ठाऊक होतं. मराठीच्या धड्यातसुद्धा मी पोरांना शिकवलंय हे." तिने पदराने नाक पुसलं. "पण घरात एक माणूस रोज म्हणत होता, मागे जाईल, मागे जाईल. मी त्याच्याशी भांडायची आणि मग त्याचंच ऐकत झोपायची. आता कोण म्हणेल?"

सुलभाने पुरचुंडी सोडली आणि सगळा भात उखळात ओतला. पुढची लाट आमच्या घोट्यांवरून गेली आणि उखळात पाणी शिरलं. भाताचे दाणे वर आले. तिने त्यावर तळहात दाबून धरला.

"सुलभे, चल. पाणी चढतंय."

"थांब जरा."

मागून पाण्यातून चालत येण्याचा आवाज आला. भावोजी परत आले होते. त्यांच्या हातात जांभ्याचा एक चपटा दगड होता. ते काहीशा रागानेच म्हणाले, "नुसता हात ठेवून काय होतंय? भात तरंगतो. वर दगड ठेवायचा असतो, दरवर्षी ठेवतो मी." त्यांनी तिचा हात बाजूला केला आणि दगड उखळात नीट बसवला.

"पहार आणू नका," सुलभा म्हणाली. "आपण जाऊ पनवेलला. हे राहू दे इथेच."

दगड हलत नाही ना, ते भावोजींनी पाण्यात हात घालून पुन्हा एकदा बघितलं. मग आम्ही तिघं गुडघाभर पाण्यातून उंबऱ्याच्या बाजूने बाहेर पडलो. भिंती कधीच्याच नाहीत, कुठूनही निघता आलं असतं. पण आम्ही दारातूनच निघालो.